त्याच्या शहरातली प्रत

४ मार्च, मंगळवार
ठरलं. ह्यांच्या साइटला सीडीएन लावायचं. परवडेल असं शोधायचं आणि फसायचं नाही. महिनाअखेर काम संपलं पाहिजे.

सीडीएन म्हणजे काय ते नीट लिहून ठेवते. ज्याने साइट करून दिली तो शेजारणीचा जावई सांगतो त्यातलं निम्मं त्याच्या तोंडातच राहतं. तर, आपली साइट कुठल्या तरी एका कॉम्प्युटरवर ठेवलेली असते. लांबच्या माणसाने उघडली की माल तिथून निघणार, मजल दरमजल करत पोचणार. सीडीएनवाले त्याच मालाच्या प्रती गावोगाव ठेवतात. मागितलं की जवळच्या गावातून लगेच हातात. एका दुकानाच्या शाखाच म्हणा ना. यात न समजण्यासारखं काय आहे? जावयाने फळ्यावर शिकवल्यासारखं शिकवलं आणि शेवटी म्हणाला, काकू, तुम्हाला कशाला हवंय हे?

कशाला म्हणजे? चिरंजीव तिकडे लांब. ह्यांचा आवाज ऐकायला बसतो आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. परवाच्या रविवारी म्हणाला. त्याच्या आधीच्या रविवारीही तेच. पोरगं वडिलांच्या आवाजासाठी तळमळतंय आणि मध्ये एक गोल. मी चालू देणार नाही.

६ मार्च
सकाळी साइट तपासली. पहिली गोष्ट लावली. हे खाकरले. चालू आहे एवढं कळलं, बंद केलं.

हे रोजचं आहे. देखभाल करणाऱ्याने एवढंच करायचं असतं. लिफ्ट तपासताना हेसुद्धा काय दिवसभर खालीवर फिरत नव्हते.

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या ह्यांनी. कोणी आत अडकलं की बाहेरून दाराशी तोंड लावून बोलत राहायचे. हात कामात, तोंडाने गोष्ट. माणूस घाबरला की दारं आतून ओढतो आणि काम वाढतं, असं बाहेर सांगायचे. खरं म्हणजे ह्यांना राहवायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या गोष्टी खिडकीत बसून फोनवर बोलून ठेवल्या. पुढच्या महिन्यात ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. साइट मी करून घेतली. जगभरचे लिफ्टवाले ऐकत असतील. असणारच.

९ मार्च, रविवार
चिरंजीवाचा फोन. सीडीएनचं सांगितलं. फार खूश झाला. म्हणजे म्हणाला, अगं एवढा खर्च कशाला करतेस. खर्चाचं तू बघू नकोस म्हटलं.

वन्सं वरच्या मजल्यावरून आल्या होत्या, त्यांच्या कानावर पडलं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, वहिनी, त्याला फाइलच पाठवून दे की. कंपन्या कशाला गावोगाव हिंडवतेस दादाला?

मला सुचलं नव्हतं असं नाही. पाठवल्या होत्या. फोनमध्ये जागा नाही म्हणाला. मग म्हटलं, फोनवरच ऐकवते, तर फोनवर बाबांचा आवाज चिरका येईल म्हणाला. आवाजाची त्याला पहिल्यापासून पारख. वन्संना हे कळायचं नाही. त्यांना कुकरची शिट्टीसुद्धा आमच्या घरातून ऐकू येते आणि स्वतःच्या घरातून येत नाही.

११ मार्च
कंपनी सापडली. कायम मोफत! अटी पूर्ण वाचल्या. माझी शाळा चौथीत सुटली, वाचन नाही सुटलं. दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात केली आणि ह्यांच्या लिफ्टच्या मॅन्युअलपर्यंत आपली आपण पोचले. इंग्रजीसुद्धा त्याच मॅन्युअलातून. त्यामुळे अटी वाचताना मला झोप येत नाही. लोक वाचत नाहीत म्हणून फसतात.

१५ मार्च
फसवलं.

मोफत आहे ते चित्रांना आणि अक्षरांना. आवाजाच्या फाइली "प्रमाणाबाहेर" असल्या तर बंद. अटीत होतं म्हणे. होतं, मी वाचलंही होतं. पण प्रमाण किती ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी समजून चालले की आमचं प्रमाणातच असणार. हे आयुष्यात कधी प्रमाणाबाहेर बोलले नाहीत.

कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमच्या सेवेला किती तारे द्याल.

१८ मार्च
नवी कंपनी. मोफत नाही, पण स्वस्त, आणि सगळं "अमर्याद". वर्षाचे पैसे एकदम भरले की आणखी स्वस्त. भरले.

या कंपनीकडे जगाचा नकाशा आहे, त्यावर शाखांचे ठिपके. चिरंजीवाच्या शहरावर ठिपका आहे हे भिंग लावून पाहिलं. बाकीचे ठिपके भरीव, त्याच्या शहराचा तेवढा पोकळ. मोठ्या शाखेला वेगळी खूण करत असतील.

२३ मार्च, रविवार
फोन. अजून गोल फिरतंय म्हणाला. आवाज थकलेला वाटला. मला वाईट वाटलं, मी त्याला आशेला लावलं.

२४ मार्च
पोकळ ठिपका म्हणजे "लवकरच".

लवकरच! म्हणजे शाखा नाही, शाखेची इच्छा आहे. आणि हे लोक इच्छेचे पैसे वर्षभराचे एकदम घेतात. परत मिळणार नाहीत. तेही अटीत होतं.

जावयाला फोन केला. त्याने उचलला नाही. मग शेजारणीच्या दाराशी उभी राहून फोन केला, आत वाजलेला ऐकू आला. शेजारीण म्हणाली, जावई आला होता, आत्ताच गेला. फोन विसरून गेला असेल म्हटलं. जग असं आहे.

सकाळचं राहिलं होतं, दुपारी तपासलं. खाकरले. बंद केलं.

२७ मार्च
तिसरी कंपनी. आता मी शहाणी झालेय. आधी नकाशा. त्याच्या शहरावर ठिपका भरीव. मग प्रश्न विचारले. यांचा एक मदतनीस आहे, लिहून बोलतो. तू माणूस आहेस की मशीन, हे पहिलं विचारलं. माणूस म्हणाला. मग जेवलास का विचारलं. थांबला, आणि मग म्हणाला, अजून नाही मावशी. माणूसच.

इथे वर्षाचे पैसे नाहीत. जितका माल लोक मागतील तितक्याचेच द्यायचे. मला हे पटलं. तिसऱ्यांदा कोणी मला फसवू शकणार नाही, कारण आता फसवायला जागाच ठेवलेली नाही.

३० मार्च, रविवार
चिरंजीवाला सांगितलं, तुझ्या शहरात आता बाबांची प्रत आहे. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बरं बरं म्हणाला. ऐकतो म्हणाला. हा आठवडा कामाचा आहे, पण ऐकतो.

२ एप्रिल
पहिलं बिल. जवळजवळ काहीच नाही! एका चहाएवढंसुद्धा नाही. वन्संना नेऊन दाखवलं. जगभर प्रती, आणि खर्च हा एवढा. निवडीला डोकं लागतं. वन्संनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, वहिनी, कोणी ऐकत नसेल म्हणून असेल.

काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही. सख्ख्या भावाची साइट, आणि जीभ अशी.

३ एप्रिल
बिलाबरोबर रिपोर्टही मिळतो, कुठून कोण आलं त्याचा. वन्संच्या तोंडावर मारायला उघडला.

श्रोते दोन. दोघंही आमच्याच शहरातले. सुरुवातीला असंच असतं.

एक चोखंदळ आहे. रोज दुपारी येतो, गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, काही दोनदा. नक्की लिफ्टचा इंजिनिअर. दुसऱ्याबद्दल मात्र काय लिहावं. रोज सकाळी येतो, सुरुवातीचे दोनचार सेकंद ऐकतो आणि पळून जातो. म्हणजे हे खाकरेपर्यंत थांबतो आणि बोलायला लागले की चालता होतो. कसली माणसं असतात! नसेल ऐकायचं तर येता कशाला? ह्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं मला. दिवसभर मनातून गेलं नाही.

चिरंजीवाचं शहर रिपोर्टात नाही. त्याच्या ऑफिसात नेट दुसऱ्या कुठल्या शहरातून फिरवून आणतात, असं एकदा म्हणाला होता. त्यामुळे दिसणार नाही. (दुसरं कुठलंही शहर रिपोर्टात नाही. रिपोर्ट उशिरा भरत असेल.)

६ एप्रिल, रविवार
ऐकायला वेळ झाला नाही म्हणाला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. किती मनाला लावून घेतो.

९ एप्रिल, बुधवार
आज ह्यांचा दिवस. दोन वर्षं. वन्सं आल्या, आम्ही दोघी ह्यांच्या खुर्चीसमोर बसलो, चहा झाला, त्या गेल्या. चिरंजीवाचा मेसेज आला, हात जोडलेलं चित्र.

संध्याकाळी सुचलं की अजून वेग वाढवता येईल. कंपनीच्या पानावर, माल मुळात कुठून आणायचा त्या कॉम्प्युटरचा नंबर असतो. ती सगळी पानं उघडून सेटिंग नीट लावली. जावयाची गरज लागली नाही. डोळे जरा भरून येत होते, पण काम चोख झालं.

१० एप्रिल
तपासलं. खाकरले. बंद केलं. पूर्वीपेक्षा जलद खाकरले. कालच्या मेहनतीचं चीज झालं.

१३ एप्रिल, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आई, साइट आता मस्त चालते. कालच ऐकलं. एकदा पण अडकलं नाही."

 विचारलं, कोणती ऐकलीस?

"ती... लिफ्टवाली."

म्हटलं, छान आहे ना? म्हणाला, खूप छान. बाबा अगदी समोर बसल्यासारखे. मग त्याला कोणीतरी हाक मारली.

सगळ्या गोष्टी लिफ्टच्याच आहेत, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पण एखादी खास असेल त्याच्या मनात, ती म्हणजे "लिफ्टवाली". लहानपणी ह्यांच्याबरोबर जायचा कामावर. पुढच्या वेळी विचारीन.

कंपनीला पाच तारे दिले.

१४ एप्रिल, सोमवार, दुपार
वन्सं जिना उतरून आल्या. गुडघ्यामुळे सहसा उतरत नाहीत. दारातच म्हणाल्या, "वहिनी, दादा बुधवारपासून बंद आहे."

मला आधी समजलं नाही. त्यांनी फोन पुढे केला. साइटच्या जागी पांढरं पान, त्यावर एक चूक आल्याची ओळ. म्हणाल्या, रोज दुपारी जेवण झालं की लावते. बुधवारी संध्याकाळनंतर लागलंच नाही. वाटलं होईल आपोआप. आज पाचवा दिवस, मग राहवलं नाही. तुम्ही रोज ऐकता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मग काय करू दुपारी?

तो इंजिनिअर म्हणजे वन्सं.

माझ्या फोनवर मात्र खाकरत होते. वन्संनी ऐकलं आणि म्हणाल्या, तुझ्याकडे कसे काय?

दुपारी, नंतर
मदतनीसाला गाठलं. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बुधवारी मी नंबर लिहिताना एक आकडा चुकवला. कंपनी तेव्हापासून भलत्याच कॉम्प्युटरकडे माल मागत होती. दुसरी, माझ्या फोनने रोज तेच तेच सुरुवातीचं ऐकून ती सुरुवात स्वतःकडे ठेवून घेतली होती. माझ्याकडे होतं ते फक्त खाकरणं. त्यापुढचं माझ्या फोनने कधी मागितलंच नव्हतं.

मग रिपोर्टातला तो पळपुटा माणूस तुम्हीच का मावशी, असं त्याने विचारलं नाही. तोच फोन आहे एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ती देखभाल होती.

आकडा सुधारायचा राहिला आहे. आधी विचार करायचा आहे.

१५ एप्रिल
विचार केला. आणि सगळं लख्ख दिसलं.

साइट बुधवारपासून बंद. चिरंजीवाने ऐकलं शनिवारी. हे काल वन्संना सांगितलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मला समजला, पण त्यांना सीडीएन समजत नाही. सीडीएन असतं कशासाठी? मूळ ठिकाण बंद पडलं तरी गावोगावच्या प्रती असतातच. म्हणजे सगळीकडे ह्यांचा आवाज बंद होता आणि एकट्या त्याच्या शहरात चालू होता. हाकेच्या अंतरावर. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? मी निवडलेली कंपनी खरीच निघाली.

वन्संना सांगायला वर गेले. त्यांनी ऐकून घेतलं. काही टोमणा मारला नाही. पाणी दिलं प्यायला. मला तेच आवडलं नाही.

१६ एप्रिल
मदतनीसाला एवढंच विचारलं, की त्या शहरातली प्रत बुधवारनंतरही चालू होती, असं मला लिहून दे. घरी दाखवायचंय.

तो म्हणाला, त्या शहरात प्रत नाही.

म्हटलं, ठिपका भरीव आहे. म्हणाला, आमचं मशीन आहे तिथे, तुमची प्रत नाही. मावशी, आम्ही आधीपासून प्रती नेऊन ठेवत नाही. त्या शहरातल्या कोणीतरी पहिल्यांदा मागितलं की मगच तिथे प्रत तयार होते. तिथून कोणी मागितलेलंच नाही.

बुधवारनंतर नाही का, असं विचारलं. कधीच नाही म्हणाला. ऑफिसातून फिरवून दुसऱ्या शहरातून मागितलं असेल म्हटलं. त्याने सगळी शहरं पाहिली. आमचं सोडून जगात कुठेही ह्यांची प्रत कधी नव्हतीच, आणि आमच्या शहरातली मी नंबर बदलला तेव्हा पुसली गेली.

परत एकदा बघ म्हटलं. त्याने परत पाहिलं. माणूस चांगला आहे. मशीन असता तर दुसऱ्यांदा बघितलं नसतं. जेवून घे म्हटलं त्याला.

१७ एप्रिल
अटी पुन्हा वाचल्या. पान सहा, वरून तिसरी ओळ, "प्रत पहिल्या मागणीनंतर साठवली जाते." मी वाचली होती ही ओळ. खाली पेन्सिलीने रेघही आहे माझीच. मी समजले होते की मागणी म्हणजे माझी.

पहिल्या कंपनीने फसवलं, दुसरीने फसवलं. तिसरी एका शब्दाने खोटं बोलली नाही, म्हणून तिचा राग जास्त येतो.

१८ एप्रिल
तिसरी कंपनी बंद केली. का सोडताय, असं विचारतात, पाच कारणांतलं एक निवडायचं. माझं त्यात नव्हतं. "महाग वाटली" वर खूण केली.

साइट पुन्हा थेट जुन्या कॉम्प्युटरवरून चालू. कोणाला सांगितलं नाही. वन्संना कळलं असणार, दुपारी वरून आवाज येत होता.

२० एप्रिल, रविवार
फोन. काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलले नाही. भाज्या, पाठदुखी, वन्संचा गुडघा, सगळं झालं.  मग म्हणाला, "आई, साइट परत हळू झालीय का गं? काल गोल फिरत होतं."

मी कंपनी बंद केल्याचं त्याला माहीत नाही. कोणी सांगितलेलंही नाही. हळू झाली हे त्याला कसं कळलं?

उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. किंवा जुनी सवय, तोंडात बसलेलं वाक्य. रिपोर्ट पाहिला असता. पण रिपोर्ट त्या कंपनीचा होता. आता कोण आलं, कुठून आलं, कळायला मार्ग नाही.

बघते म्हटलं. काय ते बघते.

२१ एप्रिल, सकाळ
तपासायला लावली. खाकरले. बंद केलं नाही. साइट खरंच हळू आहे का हे बघायचं तर पुढचंही ऐकायला हवं. एवढ्याचसाठी. मग खुर्ची ओढून बसले.

"हं. घाबरू नका. मी दाराशीच उभा आहे, कुठे जात नाही. आधी मला सांगा, आत किती जण आहात?"

आणि गोल फिरायला लागलं.

एकटीच, म्हटलं मी. ते अजून फिरतंय.